सीझन संपल्यावर

पहाटे सव्वापाचला दिघोरी नाक्यावर उतरलो.
उमरेडकडून आलेली गाडी मला टाकून
तशीच पुढे गेली, एका बाजूला कललेली.
हातात ट्रंक. ट्रंकेत आठ नाटकांच्या वह्या,
थर्मास, मफलर,
आणि झाडीपट्टीच्या धुळीने बसलेला घसा,
तो काही ट्रंकेत मावला नाही.

दिवाळीनंतर गेलो होतो. होळीही तिकडेच झाली.
एकशे सात रात्री.
आरमोरी, सिंदेवाही, कुरखेडा,
शंकरपटाची गावं, जिथे दिवसा बैल धावतात
आणि रात्री माणसं घोंगडी घेऊन रडायला बसतात,
उजाडेपर्यंत.
मी विंगेत, पंधराच्या बल्बखाली,
दुसऱ्यांची वाक्यं त्यांच्या अर्धा क्षण आधी म्हणत.
प्रॉम्प्टर कुणाला दिसत नाही.
नट अडला, की मगच लोक म्हणतात,
झोपला का बे तो?

फाटकाला नवी कडी बसवलेली.
मला उघडेना.
आपल्याच घरी हाक मारायची की वाजवायचं,
हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं.
शेवटी श्रुतिका आली, तोंडात ब्रश,
फेसातूनच म्हणाली,
"वर उचला पप्पा, मग ओढा."

सांभार सगळा बियांवर गेलेला.
पोपटाच्या शेंगांचा वेल मांडवावर वाळून खडखडतो आहे.
मोगरा कुणीतरी छाटलाय, नीट, तिरपा काप देऊन.
भिंतीशी कूलर, टाकी उपडी, अर्धा रंगवलेला,
त्याच्या खिडक्यांतलं जुनं गवत
कोपऱ्यात गोळा करून ठेवलेलं.
आणि पेरूच्या बुंध्याला टेकवून
एक चार पायांची काठी.

ही कोणाची?

मंदा दारात आली. हात पिठाचे.
"जानेवारीत झालं. आता बरं आहे त्यांना.
सांगितलं असतं तर तुम्ही धावत आले असते,
अन् कंपनीनं नाईट कापली असती.
मग दवाखाना कशावर केला असता?"
तिने हे आधी बऱ्याचदा म्हणून पाहिलं असणार.
एकही शब्द अडखळला नाही.

बाबा लिंबाजवळ खुर्चीत.
चौतीस वर्षं मिलच्या साच्यांवरून ओरडून बोललेला माणूस.
घरातही ओरडायचे. मीठ मागायचे तरी शेजारचे गजभिये
खिडकीतून डोकावायचे.
त्यांनी डावा हात उचलला,
लिंबाकडे दाखवलं, पांढऱ्या बारक्या कळ्यांकडे,
आणि ओठ शोधू लागले.

तो थांबा मला पाठ आहे.
नटाचा गळा हलतो, डोळे आत वळतात,
आणि अंधारातून शब्द सरकवावा लागतो, हळूच,
त्याचाच वाटावा असा.
मी वाकलो. "बहर—"

"नाही पप्पा." श्रुतिकाचा ओला हात माझ्या दंडावर.
"आबांना शब्द द्यायचा नाही. थांबायचं.
मॅडमनी सांगितलंय. कितीही वेळ लागू दे."

थांबलो.
नळाला पाणी आलं, त्याची आधी हवा वाजली.
कुणाची तरी स्कूटर तीनदा किक मारूनही सुरू झाली नाही.
गजभियांकडे कुकरची एक शिट्टी.
माझ्या जिभेवर अख्खं वाक्य तयार होतं
आणि मी ते गिळत होतो,
आयुष्यात पहिल्यांदा.

बाबा म्हणाले, "आला."

लिंबाला म्हणाले की मला,
कुणी विचारलं नाही.
हात तसाच वर राहिला,
मग श्रुतिकाने तो धरून मांडीवर ठेवला
आणि चूळ भरायला आत गेली.

मंदाने पाईप माझ्या हातात दिला.
चपला काढल्या. माती थंड होती,
मार्च अखेरपर्यंत एवढीच थंड राहते.
कुठली आळी नवी, कुठली भरून टाकली, काही कळेना.
ती पायरीवर उभी होती, मागे,
हात अजून पिठाचेच,
आणि अगदी हळू आवाजात सांगत होती,
आता मोगरा.
आता वांगी. बुडाशी, पानांवर नाही.
पेरूला थोडं कमी.
गोडनिंबाला राहू द्या.

मी ऐकत होतो,
आणि अर्ध्या क्षणाने पाईप वळवत होतो.