रू

नगरपालिकेच्या गोदामातून सकाळी सातला
बारा पाट्या उचलल्या. हिरव्या, पत्र्याच्या,
रंगाचा वास अजून न गेलेल्या.
लाफायेतच्या जुन्या पेठेत बारा खांबांवर
इंग्रजी नावाखाली आता फ्रेंच नाव लागणार होतं.
ठराव झाला होता. पाहुणे येतात, फोटो काढतात,
शहराला तोंड दाखवायला ओळख लागते.
मुकादम हसून म्हणाला, "व्हॅल्सिन मेलॉन्सों,
तूच जा. तुझ्या घरचं कार्य."

घरचं म्हणजे काय,
तर अकॉर्डियन वाजला की टाच आपोआप हलते,
आणि दहा-बारा शिव्या, त्या मात्र अस्सल.
बाकीची भाषा वडिलांनी
तेलविहिरीवर कामाला जाताना फाटकाबाहेर ठेवली
आणि परतताना उचलायची राहून गेली.

बारावा खांब नेनेन आझेलीच्या दारासमोर.
नेनेन म्हणजे बाप्तिस्म्याला जिनं मला हातांवर धरलं ती.
एकोणनव्वद वर्षांची. पायरीवर बसून
गम्बोसाठी भेंडी चिरत होती.

तिची गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, ती सांगत नाही तरी.
सहा वर्षांची होती. शाळेचा पहिला आठवडा.
बाहेर जायचं होतं,
इंग्रजीत ते कसं मागतात कळत नव्हतं.
फ्रेंचमध्ये मागितलं. बाईंनी ऐकलं नाही.
बाक ओला झाला.
मग शंभर ओळी: मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही.
ज्या भाषेत लिहिल्या ती तिला येत नव्हती.
जाळ्याच्या गाठी मारतात तशी एकेक अक्षर मारत गेली,
यात काय अडकणार ते न विचारता.

"काय लिहिलंय रे वर?"
तिला फ्रेंच वाचता येत नाही. वाचायला शिकवलं कुणी?
मी शिडीवरून मोठ्यानं म्हटलं, "रू..."
पुढचं नाव यायच्या आत ती हसली,
इतकी, की मांडीवरची भेंडी घरंगळली.
"अरे, हे तर तू पीठ भाजतोयस!
चरबीत परततात ते, जुन्या पैशाच्या रंगावर येईस्तोवर.
रस्ता म्हणायचा तर ओठ मेणबत्ती विझवल्यासारखे काढ
आणि आत जिभेनं 'ई' म्हण."
रू.
"पीठ."
रू.
"करपलं."
माझ्या कानाला दोन्ही एकच.
"जाऊ दे. आम्ही तसंही शमँ म्हणायचो.
चिखलाचा असायचा."

तेवढ्यात शेजारची थुई स्कूटर ढकलत आली.
आजोबा सायगावहून आलेले, बाप कोळंबीच्या बोटीवर,
पोरगी सात वर्षांची, फ्रेंच शाळेत जाते.
मान वर करून तिनं पाटी वाचली,
न थांबता, ओठ नेमके पुढे काढून,
आणि पुढे गेली.

सुरी थांबली.
नेनेननं तिला हाक मारली, फ्रेंचमध्ये काही विचारलं.
मला त्यातलं "शाळा" कळलं आणि "बाहेर".
थुईनं खाली उतरून उत्तर दिलं,
मग माझा चेहरा पाहून इंग्रजीत समजावलं:
"बाथरूमला जायचं तर फ्रेंचमध्येच विचारावं लागतं.
इंग्रजीत विचारलं की मादाम ऐकलं न ऐकलंसं करते."

नेनेन काही बोलली नाही.
एक भेंडी चिरली. दुसरी चिरली.
चिकट बोटं एप्रनला पुसली, आणि हळू,
माझ्यासाठी नसलेल्या पण मला कळेल अशा इंग्रजीत म्हणाली,
"तुझ्या बाईंना सांग,
नेनेन आझेलीनं निरोप दिलाय.
पोरगं पाय आवळून उभं असेल
तर आधी जाऊ द्यावं.
भाषा परत आल्यावर शिकवावी."

थुई हो म्हणाली.
स्कूटरचं मागचं चाक कुरकुरत होतं.
पाटी जरा डावीकडे कललेली दिसत होती.
मी वर चढलो, स्क्रू आवळला,
आणि कुणी बघत नाहीसं पाहून
ओठ पुढे काढून पाहिले.