पावती

आमच्या घरात युरोप दर रविवारी फुटायचा,
सकाळी साडेसातला, क्वार्टर गेटच्या चौकात.
आई उजवीकडे वळायची, बाबा सरळ जायचे,
आणि मी, आठवड्याआड, एकेकाच्या बोटाला.

बाबा म्हणजे सायलस रणभिसे, जुळारी, नाना पेठ.
खिळे जुळवता जुळवता मला इतिहास शिकवायचे,
उलट्या अक्षरांतून, शाईच्या बोटांनी.

"रोमला मोठं मंदिर बांधायचं होतं. पैसा कमी पडला.
मग माफी विकायला काढली.
आजोबांच्या वाटणीची आग इतक्याला, आजीची इतक्याला,
हा कागद, हा शिक्का, पुढे सरका.
राजेही वैतागले होते, मुलखाचा पैसा डोंगरापल्याड जातो म्हणून.
देवाचं कारण होतंच, पण हिशेबाचंही होतं,
हे परीक्षेत लिही."

"आणि मठातल्या एका माणसाला झोप येत नव्हती.
उपास केले, थंडीत कुडकुडला,
पापं सांगून सांगून ऐकणाऱ्याचे कान किटवले,
तरी देव राजी आहे की नाही, कळेना.
मग एका जुन्या पत्रातल्या ओळीवर त्याचं बोट अडलं:
हे कमवायचं नसतंच, पोरी.
पगार नाही तो. कृपा आहे."

(ऋकाराचा खिळा आमच्याकडे कायम कमी.
'कृपा' जुळवायची तर
'गृहिणी उद्योग समूह'चं पत्रक आधी सोडवावं लागे.)

शास्त्र लोकांच्या बोलीत आलं, हे सांगताना
बाबांचा आवाज चढायचा.
म्हणजे कुणी नांगऱ्याही पोपला विचारू शकतो,
कुठं लिहिलंय, दाखवा.
पुण्यात हा प्रश्न नवा नाही, म्हणून त्यांना
तो मठवासी सदाशिव पेठेतला वाटायचा.

आई वसईची. कार्मेलीन.
मेथी निवडत सगळं ऐकून घ्यायची.
बाबांना मध्ये कुणी नको होतं.
आईला जितके मिळतील तितके हवे होते:
मारिया, संत अंतोन, मेलेली मावशी,
वेळ पडली तर शेजारची कमळाबाई.
"तुमचा विश्वास एकट्याचा," ती म्हणायची,
"मला एकटीनं तरायची भीती वाटते."

एकाच लाकडाला तो वधस्तंभ म्हणे, ती क्रूस.
भाकर भाकरच राहते की शरीर होते,
यावर एकदा अख्खं जेवण गार झालं.
"तुमच्याच बाजूचे यावरून आपसांत फुटले ना?"
आईनं विचारलं.
बाबांनी ठेच्याकडे हात केला.

आई ऑगस्टमध्ये गेली.
तांदळाच्या डब्यात पाकीट सापडलं. पैसे, आणि चिठ्ठी:
माझ्यासाठी बारा मिस्सा. भांडू नका.

बाबा बोलले नाहीत.
ऑक्टोबरच्या शेवटी त्यांच्या चर्चमध्ये
त्या फाटाफुटीचा दिवस पाळला, तेव्हाही
नुसते उभे राहिले, गाणं बंद.
दोन नोव्हेंबरला चौकात आलो
आणि ते उजवीकडे वळले.

ऑफिसातल्या इनासनं पैसे मोजले, पावती फाडली.
मी हातात घेतली. खाली कोपऱ्यात
मुंगीएवढ्या टाइपात:
रणभिसे मुद्रणालय, नाना पेठ.

"किती वर्षं?"
"तुझ्या जन्माआधीपासून. उधारीवर नाही, रोख."
मग थोड्या वेळानं, भिंतीकडे बघत:
"तिकडेही तसंच होतं. ज्या यंत्रातून माफीचे कागद निघाले,
त्यातूनच माफीविरुद्धचे.
यंत्राला काय. शिसं ते."

बाहेर मेणबत्त्या विकणाऱ्या बाईनं आम्हाला हाक मारली.
बाबा थांबले नाहीत. थांबले ते पुन्हा आत जाऊन,
इनासच्या टेबलापाशी,
चष्मा कपाळावरून खाली ओढत.
पावतीवर आईचं नाव ऱ्हस्व पडलं होतं, कार्मेलिन.
त्यांनी पेन मागितलं,
वेलांटी खोडली, समासात खूण केली, दीर्घ,
अगदी प्रूफ तपासतात तशी.

"मी यातलं काही मानत नाही," ते इनासला म्हणाले,
"पण पत्ता तरी बरोबर हवा."