चाळिसात एक

पातालपानीहून गाडी हलली तेव्हा
मामांनी खिशातून घड्याळ काढलं,
"सहा मिनिटं लेट," म्हणाले
आणि चोरल्यासारखं परत ठेवलं.

काचेचं छत. मऊ खुर्च्या.
इंदूरची पोरं, मांडीवर पोह्यांचे डबे, वर बारीक शेव.
समोरच्या बाईने जलेबी पुढे केली,
"काका, पहली बार?"
मामा हसले. हो म्हणाले.

चौतीस वर्षं ब्रेकव्हॅनमध्ये
गंगाधर रेशिमवाले, गार्ड, महू ते खंडवा.
चाळीस फूट चाललं की एक फूट खाली,
असा हा घाट.
उतरताना डोळे सुईवर, सुई अठरावर,
हात ब्रेकच्या चाकावर.
धबधबा? तो त्यांनी ऐकलेला.
पावसाळ्यात त्याचे तुषार येऊन
नोंदवहीतली शाई पसरायची, तेवढी ओळख.

पाहिला होता मामीने.
अकोल्याची ती. आषाढातला शेवटचा मुहूर्त,
रजा खंडव्यापर्यंतच मंजूर.
खंडव्याला नवरदेवाने मुंडावळ्या सोडल्या,
काळा कोट चढवला, शिट्टी गळ्यात अडकवली
आणि स्वतःच्याच वऱ्हाडाला हिरवी बत्ती दाखवली.
कालाकुंडहून मागे जादा इंजिन लागलं.
ते ढकलत होतं, पुढचं ओढत होतं,
आणि तिसऱ्या वर्गात ट्रंकेवर बसून
नव्या नवरीने खिडकीतून एकटीने सगळं बघितलं.

"दुधाचं पातेलं कलंडल्यासारखं,"
ती सांगायची. दर आषाढात. पाहुण्यांना, मोलकरणीला,
मलासुद्धा, शेंगा निवडता निवडता.
"हो ना हो?" असं मामांकडे वळून.
आणि मामा, न पाहिलेल्या पाण्याची
एक्केचाळीस वर्षं साक्ष देत राहिले.

"बायीं तरफ देखिए," कर्णा म्हणाला.
अख्खा डबा डावीकडे कलला, मोबाइल वर झाले.
मामा उठायला जरा उशीर लागला.
पौष महिना. काळ्या कड्यावर
पाण्याची एक वात. उसवलेला दोरा म्हणा.
मामा बघत राहिले.
त्यांची उजवी मूठ हळूहळू फिरत होती,
चाक आवळावं तशी.
"हं," एवढंच म्हणाले.
मी विचारलं नाही.

कालाकुंड.
जिथे दोन मिनिटं थांबायची
तिथे गाडी आता दोन तास थांबते.
भेरूलालच्या नातवाकडून
पळसाच्या द्रोणात कलाकंद घेतला. आजोबांचा जास्त खमंग होता,
हे त्याला ऐकवून झालं. पैसे देताना दोन द्रोणांचे दिले, घेतला एक,
पोराने हाक मारून दुसरा हातात ठेवला.

मग आम्ही फलाटाच्या टोकापर्यंत गेलो.
पुढचे रूळ उचललेत. घाणेरीची झुडपं.
मामा तिकडे तोंड करून म्हणत होते
चोरल, बलवाडा, बडवाह, सनावद,
घाईने नाही, प्रत्येक ठिकाणी थांबा असल्यासारखं.
खंडव्याला श्वास घेतला.
अकोल्यापर्यंत गेले नाहीत.

मागे एक मुलगी फोटोसाठी
हिरवा झेंडा फडफडवत होती, नाचवत होती, नुसता.
"अगं, अगं!" मामा धावलेच जवळजवळ,
"खाली कर तो! गाडी सुटेल!"
तिला मराठी कळलं नाही.
गाडी सुटली नाही.
इंजिन दुसऱ्या टोकाला, चहा पीत होता ड्रायव्हर.
तरीही मामा
दोन्ही द्रोण छातीशी धरून
आधी शेवटच्या डब्याकडे निघाले.