मागचा पंखा

एप्रिलात वागाडूगूला सावलीही तापते.
गुंगें भागातल्या त्या पत्र्याखाली, दुपारी एकला,
रस्माताचा कॉम्प्युटर तिसऱ्यांदा मेला
प्रबंध छापता छापता, एकेचाळिसाव्या पानावर.
ज्याचा प्रबंध, तो नर्सिंगचा पोरगा
काही बोलला नाही.
बाकावर बसून पाण्याची पिशवी चोखत राहिला,
ती रिकामी झाल्यावरही.

मला बोलावणं आलं. मी नेतो ते एवढंच :
रंगाऱ्याचा जुना ब्रश, स्क्रूड्रायव्हर,
आणि डासांची एक कॉइल.

आधी डब्यावरची चादर काढली.
बहिणीच्या लग्नातल्या कापडाचा उरलेला तुकडा,
निळे मासे छापलेला,
धूळ बसू नये म्हणून मायेने घातलेला.
मग डबा भिंतीपासून हातभर ओढला.
मग उघडला.

हरमाटन जाऊन दोन महिने झाले,
त्याची लाल माती इथे बिऱ्हाड करून होती :
पात्यांच्या कडांना, तारांच्या गुंत्यात,
आणि धग वाहून नेणाऱ्या त्या पातळ पत्र्यांच्या फटींत
इतकी दाबून, की नखाने उचकटली
तर नमद्यासारखी अख्खी निघाली.
खालची पेस्ट वाळून चुना झालेली.

"पंखे वाढवले की," रस्माता म्हणाली.
"दोनाचे चार केले. माझ्या दिराने, सुमाईलाने,
स्वतः बसवले रात्री जागून."

चारही फिरत होते. चारही जोरात.
कॉइल पेटवून धूर समोर धरला :
आत गेला.
वर धरला : वरूनही आत.
मागे धरला, जिथून तो बाहेर यायचा,
तिथे : आत.

सगळे मिळून आत वारा घालत होते.
आतला वारा निघणार कुठून?
फटीफटींतून थोडा गळत होता, नाइलाजाने,
उरलेला तिथेच गरगरत,
तापलेलाच पुन्हा तापत.
कोंडमारा म्हणतात तो हाच,
फक्त याला आवाज पंख्यांचा होता,
म्हणून कुणाला शंका आली नाही.

पंख्याच्या चौकटीवर एक बाण असतो,
तांदळाएवढा. दिव्याखाली तिरका धरला तरच दिसतो.
मागचा पंखा काढला, उलटा केला, चार स्क्रू.
वरचा काढलाच.
त्या भोकावर दुधाच्या पावडरीचं खोकं कापून चिकटवलं.
समोर मच्छरदाणीचा तुकडा,
शेजारच्या बुकारी टेलरने कडा दुमडून दिलेला
(पैसे घेतले नाहीत, बटण मागितलं, दिलं).
दोन आत, एक बाहेर; आत थोडं जास्त,
म्हणजे फटींतून माती ओढली जाणार नाही.
पेस्ट चवळीच्या दाण्याएवढी. जास्त लावली
की तीच पांघरूण होते.

बटण दाबलं. आकडा चढला :
साठ, अडुसष्ट, एकाहत्तर. तिथेच थांबला.
सकाळी सत्त्याण्णव होता.
"अजून खाली?" रस्माताने विचारलं.
बाई, खोलीच बेचाळीस आहे.
तिच्याखाली कुठला पंखा जाणार?

तिने मागे हात धरला आणि दचकली.
"अरे, हे तर आता जास्त गरम लागतंय!"
हो, म्हटलं. आता ते बाहेर येतंय.
तिने हात काढला नाही बराच वेळ,
तापलेल्या पोराच्या कपाळावर धरावा तसा.

प्रिंटर खरखरला. बेचाळीस. त्रेचाळीस.
पोरगा उठून पानं मोजू लागला ओठांनी.

उरलेला चौथा पंखा जुन्या मोडेमच्या चार्जरला जोडून
रस्माताने टेबलाखाली, पायांशी ठेवला.
पैसे देताना म्हणाली,
"सुमाईला आला तर बाणाचं सांगू नका.
म्हणा, माती फार होती."

तशी ती होतीच.