आवक क्रमांक

सनैया तेरा नंबर, टायरवाल्या पठाणाच्या दुकानासमोर
एक खड्डा आहे. म्हणजे राहतो.
आमच्याआधीपासून राहतो, बिनव्हिशाचा.

पठाण त्याला गड्ढा म्हणतो.
किराणावाला कुंजाली म्हणतो कुळी.
पहिल्यांदा मला वाटलं, हा माझं घराणं विचारतोय.
मी शहाण्णवपैकी एक सांगून टाकलं.

सायकलच्या मागे चौतीस डबे.
पहाटे साडेचारला अंधारात चाक खाली जातं
आणि आमटी वर येते,
झाकणातून, फडक्यातून, माझ्या पोटरीवरून
चपलेपर्यंत हळदीचा ओघळ.
डबा उघडणारा शिवी देतो ती मला.
खड्ड्याला देऊन उपयोग काय?

गावी तीन वर्षं मी नगरपरिषदेत होतो,
रोजंदारीवर, आवक-जावकच्या टेबलाला.
खड्ड्यांचे अर्ज यायचे. मी शिक्का मारायचो,
जांभळा, तारखेचा, ठाप्.
मग क्रमांक, मग बांधकाम विभाग,
मग 'निधी उपलब्ध होताच'.
दर सोमवारी आगाशेबाई यायच्या,
त्याच खड्ड्याचा अर्ज, नव्या कागदावर.
उजवा हात त्यात पडूनच मोडलेला,
डाव्या हाताने सही करायच्या, पोरासारखी वाकडी.
मी म्हणायचो, बाई, प्रोसेस चालू आहे.
पंख्याखाली बसून म्हणायचो.

इथे बलदियाचा फॉर्म मोबाइलवर.
फोटो टाका. जागा दाखवा.
नाव लिहा. आयडी नंबर लिहा.
तिथे बोट थांबलं.
माझ्या व्हिशावर पाइप फिटर लिहिलंय.
चौतीस डबे कुठेच लिहिलेले नाहीत.

पठाणाला विचारलं. तो म्हणाला,
खड्डा आहे म्हणून पंक्चर आहे,
पंक्चर आहे म्हणून मी आहे. पुढे जा.
शेवटी कुंजालीने दिला त्याचा नंबर,
दुधाच्या क्रेटवर बसून, एकेक आकडा सुटा,
जसे उधारीचे पैसे मोजतो तसा.
फोटोत खड्डा फारच किरकोळ दिसत होता,
म्हणून मापाला शेजारी एक डबा ठेवला.
पाठवलं. लगेच उत्तर आलं, सात आकडी क्रमांक.
मी तो दोनदा वाचला
आणि मनातल्या मनात ठाप् केलं.

नवव्या रात्री दीड वाजता
खोलीत नझीरचा फोन वाजला.
नझीर मुकादम, बाणकोटचा.
आडनाव मुकादम, हातात फावडं.
दिवसपाळी संपवून दहाला आडवा झालेला.
वरच्या बंकवरून उतरताना
त्याचा पाय माझ्या उशीवर पडला.
'झोप रे, झोप तू,' म्हणाला.
मी कसला झोपतोय.

साडेचारला पोचलो तर पिवळा दिवा गरगरत होता.
ऑगस्टची ओली हवा, तिच्यात डांबराची वाफ,
आणि नझीर गुडघ्यांवर,
माझ्या खड्ड्याच्या कडा कुंच्याने झाडतोय,
आई चुलीचा कट्टा झाडते तितक्या निगुतीने.
'कुणा रिकामटेकड्याने कम्प्लेंट टाकली बघ,
त्याला झोप येत नसेल.'
'नसेल,' मी म्हटलं.
सायकलवरून उतरलो, कडेकडेने चालत गेलो.
चौतीस डबे अजिबात वाजले नाहीत.

त्या दिवशी त्याच्या डब्यात एक अंडं जास्त गेलं.
त्याने विचारलं नाही. खाल्लं.
बुटांचं डांबर मात्र आठवडाभर
आमच्या खोलीच्या फरशीवर उमटत राहिलं.

पठाण हल्ली माझ्याकडे बघत नाही.
आगाशेबाईंचा पत्ता अजून पाठ आहे,
घर नंबर, मारुतीच्या देवळामागे.
पण त्यांना कळवू काय?
की इथला बुजला?

रस्ता सपाट आहे. आमटी आपापल्या डब्यात आहे.
तरी पठाणाचं दुकान आलं
की हँडल थोडं वळतंच,
काहीही नसलेल्या जागेला वळसा घालून
मी पुढे जातो.