हातचा एक

आमच्या गावाचं नावच आकडा आहे: तेहतीस.
उरुग्वेच्या पूर्वेला, ओलिमार नदीच्या काठी.
बेरीज शिकवायला याहून बरं गाव कुठलं?

सकाळी आठला मी वर्गाच्या दारात उभा.
पांढरे झगे, गळ्याशी निळ्या फिती,
एकेक पोर टाचा उंचावतं, गाल पुढे करतं,
मी वाकतो, गालाला गाल, हवेत पापा, चल, पुढचा.
इथली रीतच आहे. खाटीक, डॉक्टर, पोस्टमन,
सगळे सगळ्यांना असेच भेटतात.
सव्वीस वर्षांत किती वेळा वाकलो
मोजलं नाही. मोजण्यासारखं वाटलंच नाही.

जुलैत, ऐन थंडीत, नाहिआरा आली,
मेलोहून, मावशीकडे राहायला.
तिची पाळी आली आणि तिनं अंग चोरलं.
चौकटीला इतकी चिकटली
की रंगाचा पोपडा तिच्या बाहीवर आला.
मागची रांग ओरडली, दे की, मास्तरांना पापा दे!
फाटकातून मावशी म्हणाली,
लाजते हो, शिकेल हळूहळू.

वाकलेल्या माणसाला सरळ व्हायला
किती वेळ लागतो,
हे मला तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात ओफेलियाबाईंनी कागद वाचला:
मांडीवर घेऊ नये. दार उघडं असावं.
रोसाना म्हणाली, मग रडणाऱ्या पोराला काय
फळा दाखवायचा?
सगळे हसले.
माझा हशा सगळ्यांत मोठा होता.

रात्री झोप येईना.
मी सात वर्षांचा असताना अनिबाल मास्तर
धडा वाचायला जवळ उभं करायचे.
काही झालं नाही. खरंच, काही नाही.
नुसता मानेवर त्यांचा अंगठा फिरायचा, वाचून होईपर्यंत.
ती ओळ मी अजून अडखळत वाचतो.
आई म्हणायची, लाडका आहेस त्यांचा.

दोन दिवसांनी नाहिआराची फीत सुटली.
मी खाली बसलो, तिच्या उंचीला आलो,
बांधू का?
इतका विचार तर ती गुणाकारालाही करत नाही.
म्हणाली, फीत हो. गाल नाही.
समोरूनच बांधली,
माझे दोन्ही हात तिला दिसतील अशी.
गाठ वाकडी आली. चालेल, ती म्हणाली.

आता दारात मी वाकत नाही. विचारतो.
बरेचसे अजून गालच देतात.
फाकुंदोला बैलासारखी टक्कर हवी असते,
माझा खांदा दुखतो.
एका आजीनं विचारलं, आमचं पोर तुम्हाला नकोसं झालं का?
तिला काय सांगावं ते मला अजून जमलेलं नाही.
नाहिआरा उंबऱ्यावरूनच
एक भुवई उडवते, आणि जागेवर जाते.

मग एकदा मैदानातल्या खडीवर पडली.
गुडघा सोललेला. धावत माझ्याकडेच आली,
कपाळ माझ्या बाहीवर टेकवलं, आणि हंबरडा.
एका बगलेत थर्मास, माझा मोकळा हात
तिच्या पाठीकडे निघाला
आणि अर्ध्यात थांबला.
माया कमी पडली म्हणून नव्हे.
ती बाहीपर्यंत आली होती,
बाहीपुढचं तिनं मागितलं नव्हतं.
मी मैदानात, सगळ्यांदेखत, तसाच उभा राहिलो,
खांबासारखा. खांबालाही बाही असते तर.
मग तिनं नाक माझ्याच कोटाला पुसलं आणि गेली.

दुपारी फळ्यावर: पंचवीस अधिक आठ.
पाच नि आठ तेरा, तीन खाली, हातचा एक.
वर्ग ओरडला, उत्तर आपलं गाव!
नाहिआरानं विचारलं,
हातचा ठेवायचा कुठे?
दशकाच्या डोक्यावर, मी म्हणालो, लहानसा.
राखून ठेवायचा. पुढचं घर मागेल तेव्हा द्यायचा.

तिनं वहीत लिहिला,
इतका बारीक
की बघायला मला चष्मा शोधावा लागला.