निघोज, परतीसह

टेबलावर जुनी अमोनिया प्रिंट उलटी अंथरलीय,
पाठ कोरी. अप्पा कागद टाकत नाहीत.
नेरूळच्या या घरात वाण्याच्या याद्याही
कुठल्या ना कुठल्या सेक्टरच्या पाठीवर लिहिल्या जातात.

शनिवारी पहाटे चार, मी लिहिते.
अप्पा म्हणतात, साडेतीन.
माळशेजवरून, मी म्हणते.
घाटातलं प्रत्येक वळण हा गुडघा मोजेल, अप्पा म्हणतात,
त्यापेक्षा द्रुतगती, मग शिक्रापूर, मग शिरूर,
शिरूरला मुक्काम, तळमजल्याची खोली,
बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का विचार.
विचारलं. फोनवरचा मुलगा म्हणाला, खिडकी आहे.

वैशाखातच जायचं.
नदी हाडापर्यंत उतरली की मगच दिसतात कुंडं,
कुकडीच्या काळ्या पात्रात कोरलेली.
खळग्यात धोंडा अडकला, पाणी त्याला फिरवत राहिलं,
फिरवत राहिलं,
कुणाचं दळण, कुणाला घाई,
अप्पा हवेत बोटाने गिरमिट फिरवतात.

छत्तीस वर्षं सिडकोत समोच्च रेषा काढल्या त्यांनी.
दरी म्हणजे रेषा जवळजवळ येणं, एवढंच.
"चिकटल्या एकमेकींना, की समज कडा."
काठावर उभं राहून खाली असं कधी बघितलंच नाही,
जायचं जायचं म्हणून राहिलं,
आई होती तेव्हाही.

टोप्या दोन.
इलेक्ट्रॉलची पाकिटं.
गुडघ्याचा पट्टा, काळा. निळाही असू दे.
पाणी वीस लिटर, तिकडे टँकरची वाट बघतात लोक
आणि आपण पाहुणे.
मोजपट्टी, तीस मीटरची
(हे अक्षर माझं नाही,
सगळे काने सरळ, ओळंब्याला लावल्यासारखे).

कमळाकर आला गाडीचं ठरवायला.
उलव्याचा. सात सीटची गाडी, हप्ते अजून चालू.
यादीकडे बघून म्हणाला,
"दरी बगाला इतक्या लांब कनाला, ताई?
आमचे डोंगराची केली ना इकरंच."
हसला. मीही हसले.
विमानतळासाठी ती टेकडी उडवायचे तेव्हा
त्याच्या मावशीकडे म्हणे फळीवरचे टोप आपोआप सरकायचे,
रोज थोडे थोडे, काठाकडे.
अप्पा हसले नाहीत.

मग कमळाकर खुर्चीच्या टोकावर आला.
भाडं कमी करतो, पण आई येईल सोबत.
मळगंगेला जायचंय तिला, कधीचं बोललीय.
मागं बसली की गाडी लागते तिला.
पुढची सीट अप्पांची होती, गुडघ्यासाठी,
शाईने लिहिलेली.
अप्पा म्हणाले, बसू दे.

आणि थोड्या वेळाने,
"घर कुठल्या आळीत होतं तुमचं?"
उत्तराची वाट न बघता त्यांनी प्रिंट उलटवली.
माझी यादी टेबलावर पालथी पडली,
वर आली टेकडी, जांभळट, घड्यांवर विरलेली,
पायथ्याशी मुगाएवढे चौकोन,
कोपऱ्यात आरेखक: म. वा. तळपदे.

कमळाकर वाकला.
बराच वेळ त्याला काहीच सापडेना,
वरून आपलं गाव असं दिसतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.
मग नख टेकवलं.
"हा पिंपल. आन ही विहीर...
विहीर इथं नव्हती. जरा खाली."
"नक्की?"
"आयलाच इचारा शनवारी. पानी तिनं भरलंय."

अप्पा खोडरबर शोधायला उठले
बदललेल्या गुडघ्यावर, टेबल धरून,
बाविसाव्या सालापासून बंद असलेल्या खणाकडे.

यादी कुठवर आली होती,
मी कागद न उचलता आठवत बसले.
टोप्या तीन.
पाणी वीस लिटर.
पंचवीस.